बुजलेली रेघ

दिवाळीला तीन आठवडे असताना एक चिवडेवाले नाशिकला रविवार कारंज्याजवळच्या माझ्या डिझाइनच्या दुकानात आले. तिसरी पिढी. "भाऊ, लेबल असं करा की आजोबांच्या काळातलं वाटलं पाहिजे." मोबाइलवर पत्र्याच्या जुन्या डब्याचा फोटो दाखवला. अक्षराच्या पोटात पांढरी रेघ, पाठीमागे सावली, टोकांना वेलबुट्टी.

तसला एक इंग्रजी फॉन्ट माझ्याकडे विकत घेतलेला होता. त्यात दुकानाचं नाव मराठीत टाइप केलं, तर स्क्रीनवर आपली रोजची साधी अक्षरं उमटली. फॉन्टमध्ये देवनागरी नसली की कॉम्प्युटर गुपचूप दुसऱ्याच फॉन्टवर जातो. मग 'यात्रा वन' घेतला. मुंबई लोकलच्या स्टेशनांवरच्या हाताने रंगवलेल्या पाट्यांवरून तो काढलाय आणि फुकट वापरता येतो. अक्षरांचे कर्व्ह केले, म्हणजे टाइप केलेल्या अक्षरांच्या आकृत्या केल्या, आणि पोटातली रेघ मीच काढायला बसलो.

इथे शिरोरेषेने छळलं. फॉन्टमध्ये प्रत्येक अक्षर स्वतःपुरता शिरोरेषेचा तुकडा घेऊन येतं आणि ते तुकडे एकमेकांवर किंचित चढलेले असतात. काळ्या भरीव अक्षरात हे कळतच नाही. रेघ आणि सावली दिली की प्रत्येक सांध्यावर चीर दिसते. सगळं नाव वेल्ड करून एकसंध केलं, तेव्हा रेघ सलग धावली. रात्रीचे अकरा वाजले होते, पण काम फक्कड झालं होतं. ए-फोरवर प्रूफ काढलं, गिऱ्हाईक खूश.

दोन हजार लेबलं छापून आली. किलोच्या पाकिटावर झकास. पन्नास ग्रॅमच्या पाकिटावर मात्र नाव तीन इंचांवरून एक इंचावर आलेलं, म्हणजे रेघ ०.३ मिलिमीटरची ०.१ झालेली. लाल शाईने ती पार बुजवून टाकली. गिऱ्हाईकाचे वडील सोबत होते. लेबल डोळ्यांजवळ धरून म्हणाले, "अरे, ह्याच्यावर काही सांडलंय का?"

चूक माझीच. आणि मला ठाऊक नव्हतं असंही नाही. ही नटवी अक्षरं मुळात भिंतीवरच्या जाहिरातींसाठी फोफावली. अमेरिकेत डेरियस वेल्सने १८२७ मध्ये लाकडी टाइप, म्हणजे छपाईची अक्षरं, कोरायचं यंत्र काढलं, कारण एवढाली अक्षरं शिशात ओतली तर जड आणि महाग पडत. लांबून वाचायची अक्षरं मी चिमुकल्या पाकिटावर बसवली होती. (घटकपदार्थही त्यातच लावणार होतो. वजन-किमतीच्या अक्षरांच्या उंचीला कायद्याचा नियम आहे, म्हणून घटकांसकट तो सगळा बारीक मजकूर साधा ठेवला. नाहीतर तोही गेला असता.)

लहान पाकिटासाठी रेघ आणि सावली काढून नाव भरीव केलं, अक्षरांत जरा हवा सोडली आणि माझ्या खर्चाने पुन्हा छापलं. रेघेचं नाव आता मोठ्या डब्यावर आणि दुकानाच्या पाटीवर आहे.

बिघडलेली लेबलं रद्दीत टाकणार, तर म्हातारबाबांनी गठ्ठाच काखेत मारला. "गोडाऊनच्या पिंपांना चिकटवू. तिथं उंदरांशिवाय कोण वाचतंय?"