कंट्रोलच्या पोत्यात

सकाळी पीसीआरचा, म्हणजे डीएनए शोधणाऱ्या चाचणीचा, आलेख वर चढताना दिसला आणि पोटात गोळाच आला. आम्ही उंदरांना जीएम, म्हणजे बाहेरचं जनुक घातलेला, मका दोन वर्षं खाऊ घालून परिणाम पाहतोय, आणि त्या चाचणीतल्या कंट्रोल, म्हणजे तुलनेसाठीच्या बिगर-जीएम खाद्यात ३५एस प्रमोटर! जीएम पिकांत घातला जाणारा डीएनएचा तुकडा तो, म्हणजे जीएमचा अंश.

कंट्रोलच्या उंदरांना बाहेरचं जनुक नसलेला, पण बाकी जवळजवळ तस्साच मका द्यायचा. तोही शेजारच्या वाफ्यात, त्याच हंगामात पिकलेला. नाहीतर एका मक्यात बुरशीचं फ्युमोनिसिन जास्त निघतं आणि बिघडलेल्या मूत्रपिंडाचं खापर जनुकावर फुटतं.

"पण झटपट चाचणीची स्ट्रिप तर कोरी होती ना?" सहकारी म्हणाली. होती. पण गोळी खाद्य बनताना वाफेनं प्रथिन मोडतं, आणि स्ट्रिप शोधते ते प्रथिनच. पीसीआरला डीएनएचा आखूड तुकडाही पुरतो. कोऱ्या स्ट्रिपवर विसंबून, पीसीआरची वाट न पाहता पोती पिंजऱ्यांपर्यंत जाऊ दिली ती मीच.

आधी संशय खाद्यातल्या सोयापेंडीवर गेला, तीही जीएम असू शकते. आमच्याच मक्याच्या खुणेची वेगळी चाचणी लावली, तीही पॉझिटिव्ह. मग खाद्य बनवणाऱ्यांना फोन केला. आधी कंट्रोल, मग ११ टक्के, शेवटी ३३ टक्के जीएम मक्याचं, हा ठरलेला क्रम. या खेपेला ३३ टक्क्यांचं आधी काढलं होतं. मधे यंत्र 'झाडून घेतलं होतं', म्हणे!

फ्रीजरमधले आधीच्या दोन खेपांचे नमुने लावले. स्वच्छ. हायसं वाटलं. ही खेप उघडून चारच दिवस झाले होते.

"इतक्या अंशानं निकाल हलणार नाही," वरिष्ठ म्हणाले. विषशास्त्र म्हणून खरंच होतं ते. पण जीएम मक्यानं उंदरांना गाठी होतात असं सांगणाऱ्या सेरालिनींच्या २०१२च्या गाजलेल्या अभ्यासात दर गटात नर-मादी १०-१०च उंदीर होते, तेही वयानुसार सहज गाठी होणाऱ्या जातीचे. २०१३ मध्ये नियतकालिकानं निबंध मागे घेतला. आमच्याकडे ५०-५० आहेत. कंट्रोलच डागाळला तर ५० काय नि ५०० काय! मी नोंदवहीत ठरलेल्या पद्धतीपासूनचं विचलन लिहिलं, त्यांनी न बोलता सही केली.

दुसऱ्या खेपेतलं राखीव खाद्य घातल्यावर उंदीर नेहमीसारखेच जाळीला लोंबकळले. आम्ही रात्रीपर्यंत पिंजऱ्यापिंजऱ्यातल्या उरलेल्या गोळ्या काढून तोलत बसलो. चार दिवसांत कुणी किती खाल्लं, तो आकडा अहवालात जायचा होता.