आर्मीच्या ट्रेनिंगमधून परत आलो, आता एसएससी जीडी

ट्रेनिंगमधून परत आलेल्या पोराला आमच्याकडं पहिला प्रश्न ठरलेला, पळून आला का रं? सातारा जिल्हा आहे ना, अपशिंग्याच्या तर नावापुढंच मिलिटरी लागतं, त्यामुळं पारावर बसलेला प्रत्येक जण सुभेदार मेजरच. आता ह्यांना कुठं समजावत बसू की पळून येणं वेगळं, डिसिप्लिनवर काढणं वेगळं, टेस्ट निघत नाही म्हणून रेलिगेट होत होत, म्हणजे मागच्या बॅचला ढकललं जात, बाहेर पडणं वेगळं आणि मेडिकलवर घरी येणं अजून वेगळं. आणि पुढं कुठं भरती व्हायचं असेल तर सगळं अडतं ते ह्याच फरकावर.

मी आलो मेडिकलवर. माझं नडगीचं हाड. स्ट्रेस फ्रॅक्चर, म्हणजे सततच्या ताणानं हाडाला गेलेली बारीक चीर. रंगरुटांना हे बऱ्यापैकी होतं, आपण भरतीआधी मातीच्या ग्राउंडवर १६०० मीटर मारलेले असतात आणि तिथं गेल्यावर एकदम डीएमएस बूट (फौजेतले जड बूट), डांबर, टाच आपटून ड्रिल, वरनं उस्तादांचा, म्हणजे ट्रेनिंग देणाऱ्यांचा, रगडा (शिक्षेची पळापळ), हाडाला जुळवून घ्यायला वेळच मिळत नाही. सुरुवातीला एक्सरेत काही दिसत पण नाही बऱ्याचदा, एमआरआयवर कळतं, तोवर बाकीच्यांना वाटतं हा नाटक करतोय. एकाच जागी बोट दाबलं की कळ येत असेल तर ते स्नायूचं दुखणं समजून पळत राहू नका, डॉक्टरला दाखवा, एवढं तरी भरतीची तयारी करणाऱ्या पोरांनी लक्षात ठेवा.

घरी आल्यावर दुसरीकडं ट्राय कर म्हणणारे पुष्कळ भेटले. नेव्ही बघ, एअरफोर्स बघ, पण तिथंपण अग्निवीरच, वयाची मर्यादा तशीच कडक आणि आधी सर्व्हिसमधून डिस्चार्ज झालेल्यांसाठी काय लिहिलंय ते नोटिफिकेशनमध्ये बारीक वाचावं लागतं. एक अकॅडमीवाला तर म्हणला, आधीचं सांगूच नको, कोण बघतंय. अरे बाबा, अटेस्टेशन फॉर्मवर, म्हणजे आपली सगळी माहिती लिहून द्यायच्या फॉर्मवर, वरतीच छापलेलं असतं की खोटी माहिती दिली किंवा लपवली तर अपात्र, नोकरी लागल्यावर निघालं तरी घालवतात. फीचे पैसे घेऊन तो मोकळा, निस्तरायचं कुणी?

माझे चुलते, हवालदार म्हणून रिटायर झालेत, त्यांनी मात्र एकच विचारलं, कागदावर कारण काय लिहिलंय? मग म्हणले डिस्चार्जचा कागद आणि हॉस्पिटलचे सगळे रिपोर्ट एका फाईलला लाव, पाय बरा कर, मग बोलू.

तर सगळं बघून मी एसएससी जीडीवर, म्हणजे स्टाफ सिलेक्शन कमिशनच्या पॅरामिलिटरी कॉन्स्टेबल भरतीवर आलोय. बीएसएफ, सीआरपीएफ, सीआयएसएफ वगैरे सगळ्यांची एकच परीक्षा, वय १८ ते २३ आणि ओबीसीला ३ वर्षं सूट. २०२४ पासनं पेपर मराठीतनं पण देता येतो, ८० प्रश्न १६० मार्क, हे आपल्या पोरांना अजून माहीतच नसतं. ग्राउंडला मात्र ५ किलोमीटर २४ मिनिटांत. आर्मीत १.६ किलोमीटर साडेपाच मिनिटांत मारला की फुल मार्क, म्हणजे सगळा जोर स्पीडवर, इथं स्टॅमिना लागतो आणि हळूहळू किलोमीटर वाढवता येतात, माझ्या पायाला तेच बरं. एसआरपीएफला (राज्य राखीव पोलीस) पण ५ किलोमीटरच असतं, म्हणजे एकाच तयारीत दोन्ही बसतं, फक्त तिकडं १०० मीटर आणि गोळाफेक वेगळी करावी लागते.

आता कुणी म्हणेल पॅरामिलिटरी म्हणजे काय फौज नव्हे. म्हणू देत. मेडिकलला काय होईल ते डॉक्टर ठरवतील, फाईल तयार आहे. टेरिटोरियल आर्मी (टीए, कामधंदा सांभाळून करायची अर्धवेळ फौज) पण डोक्यात आहे, तिथं वय ४२ पर्यंत चालतं आणि कोल्हापुरात मराठा लाइट इन्फंट्रीची टीए बटालियन आहेच, पण ते नंतरचं. सध्या एक दिवस पळणं, एक दिवस सायकल असं चाललंय, आणि मॅथ्स. मॅथ्सनी मात्र नडगीपेक्षा जास्त छळलंय, रिझनिंगसाठी कुणाकडं चांगल्या नोट्स असतील तर पाठवा.