सीटखालचं इंजिन
आज इंग्लंडमधल्या एका व्हिंटेज मेळाव्यात ट्रोजन नावाची जुनी कार बघितली आणि अजून डोक्यातून जात नाहीये. बॉनेट उघडलं तर आत इंजिनच नाही, ते सीटखाली! मालक काकांनी बसल्या बसल्या शेजारचा लिव्हर ओढला की टुकटुक सुरू. चार सिलिंडरचं टू-स्ट्रोक, पण इंजिनात हलणारे भाग फक्त सात, आणि टायर भरीव रबराचे म्हणजे पंक्चरची भानगडच नाही, मी अंगठ्याने दाबून बघितला, दगड नुसता. डोकं इंजिनिअर लेस्ली हाउन्सफील्ड यांचं, १९२२ पासून बनवली लेलँड कंपनीने, हो तीच, आपल्या अशोक लेलँडमधली! १९२५ ला किंमत १२५ पौंड. साध्या माणसाला परवडावं म्हणून एवढं डोकं लावणारा इंजिनिअर मला खरंच खूप मोठा वाटतो. जॅकेटला अजून त्या धुराचा वास येतोय.