मत मागायचं, पण शब्द द्यायचा नाही

न्यूयॉर्क राज्यातल्या एका काउंटीत (म्हणजे जिल्ह्यात) मी फॅमिली कोर्टाच्या न्यायाधीशपदासाठी उभी राहिले. न्यायाधीश निवडणूक लढवून होता येतं, हे साताऱ्यातल्या आईला पटवायला मला फोनवर दोन रविवार लागले. आपल्याकडे कौटुंबिक न्यायालयावर उच्च न्यायालयाच्या संमतीने सरकार नेमणूक करतं. न्यूयॉर्क शहरातही महापौरच नेमतात. शहराबाहेरच्या काउंट्यांमध्ये मात्र लोक मतं देतात, तीही दहा वर्षांसाठी.

"मग तू लोकांचे घटस्फोट करणार?"

तेही नाही. घटस्फोट इथे सुप्रीम कोर्टात होतो (नावावर जाऊ नका, या राज्यात ते खालचं कोर्ट आहे). फॅमिली कोर्टाकडे मुलांचा ताबा, पोटगी, घरातली मारहाण, मुलांची आबाळ, दत्तक. तिथे मी पंधरा वर्षं मुलांची वकील म्हणून उभी राहिले. दहा वर्षांच्या वकिलीची अट त्यामुळे सहज पुरी झाली. सोपं तेवढंच होतं.

२०२३ मध्ये २८ फेब्रुवारीपासून सह्या गोळा करायच्या होत्या. पक्षाचा उमेदवार आधी प्राथमिक निवडणुकीत ठरतो, आणि तिथे नाव यायचं तर काउंटीतल्या पक्षाच्या नोंदणीकृत मतदारांपैकी पाच टक्क्यांच्या सह्या लागतात. मोठ्या काउंटीत कमाल २,०००. जाणत्यांनी बजावलं, दुप्पट जमव. का ते पुढे कळलं. तारीख राहिली, सही बाद. सही करणारा पक्षात नोंदलेला नाही, बाद. त्याने आधीच माझ्या प्रतिस्पर्ध्याच्या कागदावर सही दिलीय, तीही बाद. प्रत्येक पानाखाली साक्षीदाराचं निवेदन हवं, आणि तिथे चूक झाली तर अख्खं पानच जातं. मार्चच्या थंडीत बॉलपेनची शाई गोठायची. मी पेनं कोटाच्या आतल्या खिशात, अंगाशी धरून फिरायचे.

गुढीपाडवा २२ मार्चला होता, आणि मंडळाच्या कार्यक्रमावर माझी फार भिस्त होती. चिटणीस म्हणाले, "ताई, आपली संस्था करमुक्त आहे, आत प्रचार चालायचा नाही. पार्किंगमध्ये उभ्या राहा." राहिले. श्रीखंड खाऊन बाहेर पडलेले दीडएकशे लोक भेटले. निम्मे ग्रीन कार्डवाले, म्हणजे मतदारच नसलेले, बरेच कुठल्याच पक्षात न नोंदलेले. ग्राह्य सह्या अकरा! शुभेच्छा मात्र सगळ्यांनी दिल्या.

समोरच्या बाजूने आक्षेप घेतलेच. शेकड्यांनी सह्या उडाल्या, पण जादा जमवल्या होत्या म्हणून नाव टिकलं.

पैसे मी स्वतः मागायचे नाहीत, हा नियम. माझ्या प्रचार समितीने मागायचे. आधी मला तो जाच वाटला, पण उद्या ज्या वकिलाचं प्रकरण माझ्यासमोर येणार, त्याच्यापुढे आज हात कसा पसरायचा?

खरी कसरत दारोदारी होती. एका घरी नुकताच मुलीचा ताबा गमावलेला बाप दारात आला. "बापांना निम्मा वेळ देणार की नाही, तेवढं सांगा." मुलाचं हित पाहून, पुरावा ऐकून ठरवीन, यापलीकडे मला बोलायची मुभा नव्हती. पुढे येऊ शकणाऱ्या प्रकरणांबद्दल उमेदवाराने वचन द्यायचं नसतं. "मग तुम्हाला मत कशासाठी देऊ?" म्हणत त्याने दार लावलं. त्याचं काय चुकलं? रस्त्याची निवडणूक असती तर मी खड्डे बुजवायचं कबूल केलं असतं. इथे माझ्याकडे द्यायला फक्त माझी वकिली होती, आणि ती त्याने कधी पाहिलेली नव्हती.

काही जण आडनाव वाचूनच थांबायचे. पत्रकावर ते ठळक छापलं होतं, शेवटी मीच पहिल्या नावाने हाक मारा म्हणू लागले.

२७ जूनच्या प्राथमिक निवडणुकीत मी हरले. थोडक्यात नाही, चांगलीच. त्या रात्री आईचा फोन आला. तिथे सकाळ होती, मागे कुकरची शिट्टी ऐकू येत होती.

"डिपॉझिट तरी वाचलं का गं?"

न्यूयॉर्कमध्ये डिपॉझिट नसतंच, सह्या आणल्या की झालं, असं मी सांगितलं.

"मग काय गेलं तुझं?" म्हणाली, आणि कुकर उतरवायला गेली.