तुम्ही विचारलंत म्हणून: पहिलं ब्लेड कुठलं घ्यावं?

सेफ्टी रेझर, ब्रश आणि साबण यांची जमवाजमव झाली की नवीन माणूस हमखास विचारतो, "आता यात ब्लेड कुठलं घालू?" आणि पाठोपाठ, "सगळ्यांत चांगलं कुठलं?" पहिल्या प्रश्नाला उत्तर आहे. दुसऱ्याला नाही. एकाच्या गालावरून जे ब्लेड आवाजही न करता फिरतं, तेच दुसऱ्याच्या मानेवर पुरळ उठवतं. केस किती राठ आहेत, कातडी किती नाजूक आहे, रेझरच्या डोक्याची ठेवण कशी आहे आणि हात किती बसलाय, हे सगळं मिळून ब्लेडचा बरेवाईटपणा ठरतो.

पहिल्या प्रश्नाचं माझं उत्तर असं: मधल्या धारेचं कुठलंही एक ब्लेड निवडा, पाच ब्लेडांचं एकच पाकीट घ्या आणि ते संपेपर्यंत दुसऱ्या ब्लेडला हात लावू नका. एक ब्लेड तीन-चार दाढ्या नीट चालतं. म्हणजे पाच ब्लेडांत १५ ते २० दाढ्या होतात, आणि हात बसायला साधारण तेवढ्याच लागतात. वीस प्रकारच्या ब्लेडांचा नमुना-संच घेऊन रोज नवं ब्लेड लावण्याचा मोह मला समजतो, पण नेमकं त्यातच नवशिक्याचं नुकसान होतं. आज हनुवटीवर कापलं ते ब्लेडमुळे, कोन चुकल्यामुळे की फेस वाळल्यामुळे, हे ओळखायला काही आधारच राहत नाही. बाकी सगळं रोज बदलत असताना निदान ब्लेड तरी तेच असावं.

मधल्या धारेचं म्हणजे कुठलं? जपानचं फेदर हे अतिशय तीक्ष्ण म्हणून ओळखलं जातं. तुर्कस्तानचं डर्बी सौम्य बाजूचं मानतात. अ‍ॅस्ट्रा सुपीरियर प्लॅटिनम, जिलेट सिल्व्हर ब्लू, पर्सोना ही या दोन टोकांच्या मधली, बहुतेकांना चालणारी ब्लेडं. यांतलं जे सहज मिळेल ते घ्या. दोन्ही बाजूंनी धार असलेलं ब्लेड सारख्याच मापाचं असतं: सुमारे ४३ मिमी लांब, २२ मिमी रुंद आणि जेमतेम ०.१ मिमी जाड. त्यामुळे दुधारी ब्लेडच्या कुठल्याही रेझरमध्ये ते बसतं. मात्र पाकिटावर नीट बघून घ्या. सलूनमधल्या वस्तऱ्यात घालायची अर्धी ब्लेडं दिसायला याच घराण्यातली असतात, पण तुमच्या रेझरच्या कामाची नाहीत.

वेष्टनावरच्या 'प्लॅटिनम', 'सुपर', 'स्टेनलेस' या शब्दांवरून निवड करू नका. ती काही प्रतवारी नाही. दाढीच्या ब्लेडचं पोलाद साधारण १३ टक्के क्रोमियम असलेलं असतं. धारेवर क्रोमियम किंवा प्लॅटिनमसारख्या धातूचा अतिशय पातळ कठीण थर चढवतात आणि त्यावर टेफ्लॉनच्या जातीचा निसरडा लेप देतात. हा निसरडा लेप फार महत्त्वाचा. त्याच्यामुळे धार केसात अडकत नाही. रेझर पहिल्या काही वेळा फिरवतानाच, म्हणजे पहिल्या काही हातांमध्येच, त्याचा जादा भाग धारेवरून मागे सरकतो. काही ब्लेडांची दुसरी दाढी पहिलीपेक्षा सुखाची वाटते ती यामुळेच. एका दाढीवरून ब्लेडचा निकाल लावायचा नाही, याचंही हेच कारण.

तीक्ष्णपणा आणि मुलायमपणा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि नव्या माणसाचा इथे हमखास घोळ होतो. केस किती कमी जोरात कापला जातो, हा तीक्ष्णपणा. कापताना कातडीला किती जाणवतं, हा मुलायमपणा. 'मला धारेची भीती वाटते, सगळ्यांत सौम्य ब्लेड सांगा' असं म्हणणारे बरेच असतात. त्यांना माझा सल्ला उलटा असतो. दाढी राठ असेल तर सौम्य ब्लेड केस कापण्याऐवजी ओढतं. ओढ बसली की हात आपोआप दाबतो. दाबलं की कातडी ब्लेड आणि त्याच्याखालच्या रेझरच्या पट्टीच्या फटीत फुगून वर येते आणि तिथेच कापते. म्हणजे रक्त निघतं ते दाबामुळे, आणि दाब आला तो धार कमी पडल्यामुळे. याउलट केस विरळ आणि मऊ असतील तर सौम्य ब्लेड पुरतं, आणि अतितीक्ष्ण ब्लेडने हात जरा वाकडा पडला तरी खूण राहते. फेदर वाईट नाही, उलट राठ दाढीला ते वरदान ठरू शकतं. फक्त कोन हाताला सापडेपर्यंत ते बाजूला ठेवावं.

रेझरचाही यात मोठा वाटा असतो. मर्कुर ३४सी किंवा म्यूले आर८९ यांसारख्या सौम्य रेझरमध्ये ब्लेड फारसं बाहेर डोकावत नाही, त्यामुळे बरीच ब्लेडं त्यात निभावून जातात. म्यूले आर४१ सारख्या आक्रमक रेझरमध्ये धार जास्त उघडी असते आणि तीच ब्लेडं तिखट वाटतात. म्हणून 'अमुक ब्लेड फार कडक आहे' असं कोणी सांगितलं, तर कुठल्या रेझरमध्ये, हे आधी विचारा.

आता ब्लेड लावताना. धारेच्या लांब बाजूंना बोट लावायचं नाही. दोन्ही आखूड टोकांनी धरायचं. काही ब्लेडांवर वेष्टन चिकटून राहावं म्हणून मेणासारखे ठिपके असतात. ते राहिले तर ब्लेड सपाट बसत नाही, म्हणून आधी कोमट पाण्याखाली धुवा. रेझरच्या डोक्यात ठेवल्यावर आखूड टोकं चिमटीत धरूनच दांडा घट्ट करा. मग रेझर समोरून बघा: दोन्ही बाजूंनी धार सारखीच डोकावतेय का? एका बाजूला जास्त दिसत असेल तर सैल करून पुन्हा बसवा. एक बाजू छान कापते आणि दुसरी बोचते, ही तक्रार बहुतेक वेळा ब्लेडची नसते. ब्लेड तिरकं बसलेलं असतं.

ब्लेडला दोष देण्याआधी तीन गोष्टी तपासा. पहिली पाणी. दाढीचा केस दोन-तीन मिनिटं कोमट पाण्याने भिजला पाहिजे, कारण भिजलेला केस बऱ्याच कमी जोरात कापला जातो. आंघोळीनंतर दाढी करा, किंवा ओला गरम टॉवेल चेहऱ्यावर धरा. फेस दह्यासारखा चकाकणारा हवा. कोरडा, बुडबुड्यांचा फेस दिसायला भरगच्च असतो, पण त्यात ओलावा नसतो. दुसरी गोष्ट कोन. रेझरच्या डोक्याचा वरचा भाग गालावर टेकवा, दांडा जवळजवळ आडवा ठेवा आणि केस कापल्याची बारीक करकर ऐकू येईपर्यंत दांडा हळूहळू खाली आणा. ब्लेड आणि कातडी यांत साधारण ३० अंश राहतात. जबड्याच्या वळणावर हा कोन सुटतो, म्हणून तिथे दोन-तीन सेंटीमीटरचे आखूड हात मारा. तिसरी गोष्ट दाब, म्हणजे दाब नसणं. रेझरच्या वजनाइतकाच भार पुरे. दांडा टोकाकडे, हलक्या बोटांनी धरला की दाबायला जागाच राहत नाही.

केसांचा कलही बघून ठेवा. दाढी एक-दोन दिवस वाढू द्या आणि बोट फिरवा. ज्या दिशेने गुळगुळीत लागतं ती सुलटी. गालावर ती बहुधा वरून खाली असते, मानेवर मात्र आडवी किंवा चक्क खालून वर, आणि कित्येकांना जबड्याखाली भोवरा असतो. पहिले दोन आठवडे फक्त सुलटा हात. मग पुन्हा फेस लावून आडवा. उलटा हात तिसऱ्या-चौथ्या आठवड्याआधी नकोच. ज्यांचे केस कुरळे असून कातडीत वळतात आणि पुळ्या येतात, त्यांनी उलटा हात कधीच मारला नाही तरी चालेल. अगदी गुळगुळीत दाढीपेक्षा निरोगी कातडी मोलाची.

काय बिघडलंय ते खुणांवरून कळतं. पहिल्याच हाताला ओढ बसली तर केस भिजलेले नाहीत किंवा ब्लेड संपलंय. दाढी सुरळीत झाली पण दहा मिनिटांनी आग होतेय, तर दाब जास्त किंवा एकाच जागी फार वेळा फिरवलं. मानेवर रक्ताचे टाचणीच्या टोकाएवढे ठिपके, तर उलटा हात लवकर सुरू केला. लांब सरळ चीर पडली तर रेझर धारेच्या दिशेने आडवा घसरला. यात कुठल्याच ब्लेडचा दोष नाही. शेवटी ओल्या चेहऱ्यावर तुरटीचा खडा फिरवा. जिथे झोंबेल तिथे हात चुकलाय. तुरटीइतका प्रामाणिक परीक्षक मला तरी माहीत नाही.

पहिलं पाकीट संपलं, तुरटी झोंबेनाशी झाली, की मग खुशाल ब्लेडं पडताळा. तीन किंवा चार प्रकार पुरे. साबण, रेझर, वेळ, सगळं तेच ठेवा आणि प्रत्येक ब्लेडला किमान तीन दाढ्या द्या. दोन नव्या ब्लेडांच्या मध्ये जुन्या ओळखीच्या ब्लेडची एक फेरी घाला, म्हणजे तुलनेला आधार राहतो. तीनच नोंदी ठेवा: ओढ किती, दहा मिनिटांनी आग किती, कितव्या दाढीला धार गेली. उजव्या गालाला एक आणि डाव्याला दुसरं असंही करता येतं, पण दोन्ही गालांचे केस आणि हाताची सवय सारखी नसते, म्हणून पुढच्या वेळी बाजू बदलायच्याच.

ब्लेड कधी टाकायचं? ओढ जाणवली की त्याच क्षणी. दाढी अर्धी झालेली असली तरी. धार हळूहळू झिजून जाते असं आपल्याला वाटतं, पण तिचे टवकेही उडतात. २०२० साली अमेरिकेतल्या एमआयटीमधल्या संशोधकांनी हे सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं. पोलाद केसापेक्षा सुमारे ५० पट कठीण असूनही केस वाकून धारेला विशिष्ट कोनात लागला आणि त्या जागी पोलादाची घडण एकसारखी नसली, तर धारेचा सूक्ष्म टवका निघतो. अशी दातेरी धार पुन्हा मुलायम होत नाही. म्हणून 'मी एक ब्लेड दहा दाढ्या वापरतो' ही फुशारकी ऐकून आपला चेहरा पणाला लावू नका. आणि ब्लेड टॉवेलने पुसू नका; धार बिघडते, बोटही कापतं. धुवा, झटका आणि कोरड्या जागी उभं ठेवा. आपलं वापरलेलं ब्लेड दुसऱ्याला देऊ नका, दुसऱ्याचं घेऊ नका. रक्तातून कावीळ पसरवणारे हेपेटायटिस बी आणि सीचे विषाणू या वाटेने जाऊ शकतात.

वापरलेली ब्लेडं सुटी कचऱ्यात गेली तर कचरा उचलणाऱ्याचा हात कापतो. काही पाकिटांच्या पाठीमागे जुनी ब्लेडं सरकवायची फट असते. नसेल तर झाकणाच्या पत्र्याच्या डब्याला ब्लेड जाईल एवढी चीर पाडा आणि झाकण चिकटपट्टीने कायमचं बंद करा. ब्लेड इतकं पातळ असतं की असा लहानसा डबा भरायला कित्येक वर्षं लागतात. तो पहिलं ब्लेड उघडण्याआधीच करून ठेवा.