जुन्या झेनॉनला २४५/७५ चे टायर: कुठे घासलं, कसं थांबलं

टाटा झेनॉन एक्सटी या पिकअपला कंपनीचे टायर २३५/७० आर १६, म्हणजे रुंदी २३५ मिलिमीटर, बाजूची उंची रुंदीच्या ७० टक्के आणि रिम १६ इंचांची. व्यास ७३५ मिलिमीटर. मी बसवले २४५/७५ आर १६, व्यास ७७४. फरक ३९ मिलिमीटरचा, त्यातला निम्मा खाली जातो आणि निम्मा वर. म्हणजे गाडी जेमतेम दोन सेंटिमीटर उचलली जाते, आणि टायर पुढून, मागून, वरून कमानीच्या, म्हणजे चाकावरच्या पत्र्याच्या, तेवढाच जवळ सरकतो. ऐकायला किरकोळ वाटतं, पण पुढच्या चाकामागे मुळात जागाच दोन-तीन बोटांची असते.

टायर घासतात म्हटलं की गॅरेजवाल्याचं पहिलं उत्तर ठरलेलं: ‘गाडी उचलू या.’ यावर मी भर दिला नाही, कारण घासणं बहुतेक वेळा उंचीमुळे नसतं. स्टिअरिंग फुल लॉक केल्यावर, म्हणजे एका बाजूला शेवटपर्यंत वळवल्यावर, टायरची कड मागे किंवा पुढे टेकते, तिथे गाडी चार बोटं उचलूनही फारसा उपयोग होत नाही.

त्याहून मोठा घोळ रिमचा. चाक बाहेर काढणाऱ्या, म्हणजे कमी ऑफसेटच्या अलॉय रिम दिसायला झकास, पण चाक वळतं ते त्याला वर-खाली धरणाऱ्या दोन बॉल जॉइंटमधून जाणाऱ्या रेषेभोवती. टायर त्या रेषेपासून जितका बाहेर, तितका त्याचा वळसा मोठा, आणि बाहेरची कड बंपरच्या कोपऱ्यावर नाहीतर मागच्या पत्र्यावर जाऊन बसते. स्पेसर, म्हणजे हब आणि रिम यांच्यामधली चकती, टाकल्यावरही हेच होतं. टायर आतून चेसीला (गाडीच्या सांगाड्याला) किंवा सस्पेन्शनच्या आर्मला घासत असेल तर पातळ स्पेसरने काम होईल. बाहेरून घासत असेल तर स्पेसरने दुखणं वाढेल. मी मूळ रिमच ठेवल्या. टायर घेण्याआधी टायर कंपनीच्या तक्त्यात २४५ ला चालणारी रिमची रुंदी पाहून घेतली. रुंदीचा आकडा रिमवरच कोरलेला असतो.

चारही टायर एकदम चढवले नाहीत. दुकानदाराशी आधीच बोलून दोनच पुढे चढवले आणि दुकानाच्या आवारातच पाहिलं, कारण रस्त्यावर फिरलेला टायर परत घेत नाहीत. घासण्याची जागा शोधायला गेरू कालवून टायरच्या दोन्ही कडांना बोटभर रुंद पट्टा फासला. मग फुल लॉक डावीकडे, पुढे-मागे. फुल लॉक उजवीकडे, पुढे-मागे. रिव्हर्स विसरायचं नाही, बऱ्याच गाड्या पुढे जाताना मोकळ्या असतात आणि मागे घेताना घासतात. त्यानंतर एक पुढचं चाक २० सेंटिमीटरच्या लाकडी ठोकळ्यावर चढवलं, म्हणजे ते कमानीत घुसतं, आणि तसंच लॉकपर्यंत वळवलं. सपाट जमिनीवर न सापडलेली जागा इथे सापडते. चढवल्यावर दुसऱ्या बाजूच्या चाकांना दगड लावा.

गेरू तीन ठिकाणी उमटला. दोन्ही बाजूंना चाकामागच्या प्लास्टिक लायनरच्या, म्हणजे कमानीच्या आतल्या अस्तराच्या, खालच्या कोपऱ्यावर. डावीकडे बंपरच्या आतल्या कडेवर, नखाएवढा. आणि फक्त उजवीकडे, लायनरच्या मागे जिथे दोन पत्रे जोडून उभी कड निघते, तिथे.

फक्त उजवीकडे का? हबच्या, म्हणजे चाकाच्या, मध्यापासून कमानीच्या कडेपर्यंत टेपने मोजलं, तर उजवी बाजू ८ मिलिमीटर कमी भरली. झेनॉनला पुढे गुंडाळीच्या स्प्रिंगऐवजी टॉर्शन बार, म्हणजे पिळाने स्प्रिंगचं काम करणारे दांडे, आहेत. वर्षानुवर्षांच्या वजनाने ते बसतात, आणि ड्रायव्हरची बाजू जास्त बसते. हे मोजमाप टायर घेण्याआधीच करायला हवं होतं.

बारचा पीळ वाढवून गाडी वर घ्यायची तर पुढची चाकं जॅकवर अधांतरी हवीत आणि चेसीखाली स्टँड हवेत. केबिनखाली बारच्या मागच्या टोकाला ॲडजस्टिंग बोल्ट असतो. आदल्या रात्री त्यावर गंज सोडवणारा फवारा मारून ठेवला आणि मूळ जागेची खूण पांढऱ्या रंगाने केली. माझ्या गाडीत बोल्टच्या एका पूर्ण फेऱ्याला साधारण ६ मिलिमीटर उंची मिळाली. दर वेळी गाडी खाली घेऊन दहा-वीस फूट पुढे-मागे ढकलायची, बंपर दोनचार वेळा दाबायचा आणि मगच मोजायचं. जॅकवरून उतरवल्या-उतरवल्या घेतलेलं माप खोटं असतं. उजवी बाजू डावीइतकी आणली आणि नंतर दोन्ही एकेक फेरा वर घेतल्या. तिथेच थांबलो. यापुढे फिरवलं की चाकाला खाली जायला जागा उरत नाही, खड्ड्यात वरचा आर्म स्टॉपवर आपटतो आणि ४x४ मध्ये पुढच्या शाफ्टच्या जॉइंटचा कोन वाढून रबरी बूट फाटतात. बार कडक झाल्याने गाडी आपटते, असं लोक म्हणतात; बार तेवढाच कडक असतो, कमी होते ती चाकाची खाली जाण्याची चाल.

उरलेलं काम हाताचं. लायनर हीट गनने मऊ करून मागे दाबला, कापडाचा बोळा लावून थंड होईपर्यंत धरून ठेवला. बंपरच्या आतली कड कटरने १५ मिलिमीटर काढली, बाहेरून कळत नाही. पत्र्याची उभी कड हातोड्याने मागे वाकवून सपाट केली. इथे लोक घाई करतात. वाकवताना रंग तडकतो आणि पहिल्याच पावसाळ्यात आतून गंज धरतो. उघडा पत्रा घासून झिंक प्रायमरचे दोन हात, त्यावर अंडरकोटिंग, आणि ते सुकल्यावरच लायनर परत.

जागा किती ठेवायची? टायर नुसता सुटला की काम झालं, असं नाही. कोकणातली लाल माती ट्रेडमध्ये आणि लायनरवर थापली की १० मिलिमीटरची फट अर्ध्या तासात भरते. मी सगळीकडे २० ते २५ ठेवली. एवढं करूनही कुठे थोडं टेकत असेल, तर स्टिअरिंगच्या लॉक स्टॉपला (चाकाचं वळणं जिथे अडतं तिथे) वॉशर टाकून लॉक कमी करता येतो, पण घाटातल्या वळणावर आणि पार्किंगमध्ये त्याची किंमत रोज मोजावी लागते. म्हणून तो मार्ग सोडला.

उंची बदलली की टो (वरून पाहता चाकाची दिशा) आणि कॅम्बर (समोरून पाहता चाकाचा कल) दोन्ही हलतात, त्यामुळे अलाइनमेंट त्याच दिवशी. नाहीतर नव्या टायरची एक कड महिन्या-दोन महिन्यांत जाते. कॅस्टर, म्हणजे वळण्याच्या रेषेचा मागचा कल, खालच्या आर्मवरून वाढवायला वाव असेल तर अलाइनमेंटवाल्याला तेवढं सांगा. चाक कमानीत किंचित पुढे सरकतं आणि मागची फट मोकळी होते. मग हौद्यात सिमेंटच्या आठ गोण्या, म्हणजे ४०० किलो, टाकून खडबडीत रस्त्यावर जोरात ब्रेक दाबून पाहिले. गेरू कुठेही उमटला नाही. मागची चाकं वळत नाहीत आणि तिथे पाटे (लीफ स्प्रिंग) असल्याने प्रश्नच नव्हता. १०० किलोमीटरनंतर चाकांचे नट टॉर्क पान्याने पुन्हा पाहिले.

आता बदललेल्या गोष्टी. स्पीडोमीटर ८० दाखवतो तेव्हा गाडी ८४ ने चाललेली असते. चढावर एक गिअर लवकर खाली यावं लागतं, आणि जड चाक थांबवायला ब्रेकही जास्त दाबावा लागतो. टायर घेताना लोड इंडेक्स, म्हणजे टायर किती वजन पेलतो तो आकडा, मूळ टायरपेक्षा कमी घेऊ नका. १०६ म्हणजे एका टायरवर ९५० किलो, १११ म्हणजे १०९०. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ गाडीतल्या बदलांबद्दल आहे. विमा कंपनीला विचारून ठेवलेलं बरं, दाव्याच्या वेळी हाच मुद्दा काढतात.

राहिली स्टेपनी. मोठा टायर हौद्याखालच्या जागेत बसतो का, ते चेन वर ओढूनच पाहा. माझा चढला, पण सायलेन्सरच्या पाइपाला अगदी चिकटून, म्हणून पाचवा टायर सध्या हौद्यात आडवा बांधलेला आहे. जुनी लहान स्टेपनी पंक्चरच्या दुकानापर्यंत जायला चालते, फक्त तोवर ४x४ चा नॉब टूएचवरून (फक्त मागची दोन चाकं ओढतात ती जागा) हलवायचा नाही.