पहिलं पोस्टिंग कुठे मागू?

दर बॅचला नाशिकच्या पोलीस अकादमीतून मुलं बाहेर पडायच्या सुमाराला फोन सुरू होतात. ‘सर, आयुक्तालय (शहर पोलीस) मागू की ग्रामीण (जिल्हा पोलीस)?’ कधी नवा पीएसआय (पोलीस उपनिरीक्षक) स्वतः विचारतो, कधी त्याचे वडील. पोलिसातून निवृत्त झाल्यावर फोन थांबतील असं वाटलं होतं. थांबले नाहीत. तुम्हीही विचारलंत म्हणून एकदाचं लिहून टाकतो.

शिपाई भरतीवाल्यांचं वेगळं. त्यांना फॉर्म भरतानाच घटक, म्हणजे कोणत्या जिल्ह्याचं किंवा शहराचं पोलीस दल ते, निवडावा लागतो आणि पुढची नोकरी बहुधा तिथेच जाते. आंतरजिल्हा बदली मिळाली तरी ज्येष्ठतेवर पाणी सोडावं लागतं. जागा जास्त म्हणून मुंबईचा फॉर्म भरणारी पोरं पुढे बदलापूर नाहीतर विरारहून लोकलने ड्यूटीला येतात आणि गावाकडे बदली कधी होईल ते मोजत बसतात. जिथे घर करायचंय तिथला फॉर्म भरा, इतकंच.

पीएसआयचं वाटप वरून होतं, पसंतीला किती वजन मिळेल सांगता येत नाही. तरी मागायची संधी मिळालीच तर तालुक्याचं ठाणं मागा, असं मी सांगतो. गावची हवा चांगली म्हणून नव्हे, पुढचा हिशेब बघून.

महाराष्ट्र पोलीस अधिनियमाचं कलम 22-एन वाचा. पीएसआय ते पीआय (पोलीस निरीक्षक) या दर्जाला सर्वसाधारण कार्यकाळ ठाण्यात 2 वर्षं, जिल्ह्यात 4, परिक्षेत्रात (काही जिल्हे मिळून) 8. मुंबई आयुक्तालयात मात्र एकदम 8, इतर आयुक्तालयांत 6. म्हणजे पहिलं पोस्टिंग मुंबई मिळालं तर उमेदीची वर्षं तिथेच जाणार. तिथे मोठ्या गुन्ह्यात क्राइम ब्रांच समांतर तपासाला उतरते, मोठी फसवणूक आर्थिक गुन्हे शाखेकडे, ड्रग्ज अमली पदार्थविरोधी कक्षाकडे. नव्या अधिकाऱ्याच्या वाट्याला ड्यूटी ऑफिसरचं टेबल, मोबाइल चोरीच्या तक्रारी आणि बंदोबस्त. डोक्यावर सीनियर पीआय, शिवाय आणखी पीआय. निर्णय तुमच्यापर्यंत येतच नाही. मग हाच अधिकारी एपीआय (सहायक पोलीस निरीक्षक) होतो, जिल्ह्यात बदलून येतो, आणि ग्रामीण भागात लहान ठाण्याचा प्रभारी एपीआयच असतो. पहिल्याच आठवड्यात दोन गावांत दगडफेक झाली की त्याला विचारायला कोणी नसतं. अशी भांबावलेली चांगली हुशार माणसं मी पाहिली आहेत.

तालुक्यात हे सगळं पहिल्या हंगामातच अंगावर पडतं. ऊस सुरू झाला की रात्री रिफ्लेक्टर नसलेल्या ट्रॉलीवर दुचाकी आदळते. तुम्ही, एक हवालदार आणि ड्रायव्हर. घटनास्थळाचा पंचनामा तुम्ही करायचा, पंच तुम्ही शोधायचे, इन्क्वेस्ट (प्रेताचा पंचनामा) करून प्रेत ग्रामीण रुग्णालयात न्यायचं, डॉक्टरांना उठवायचं, ट्रॉली पेटवायला निघालेल्या नातेवाइकांना थोपवायचं. पुढे दोषारोपपत्रही तुमचंच आणि तालुका कोर्टात उलटतपासणीत घाम फुटतो तोही तुमचाच. एक प्रकरण अथपासून इतिपर्यंत स्वतः नेल्यावर कागद कुठे कच्चा राहतो ते कळतं. 1 जुलै 2024 पासून लागू झालेला नवा कायदा, भारतीय नागरिक सुरक्षा संहिता, म्हणतो की सात वर्षं किंवा जास्त शिक्षेच्या गुन्ह्यात फॉरेन्सिक तज्ज्ञाने जागेवर यावं. तालुक्यात त्यांची वाट बघत जागा जपायला तुम्हीच. पावसात ताडपत्री कुठून आणायची हेही ठाऊक हवं.

आणि पोलीस पाटील. चांगला पाटील बांधावरचं भांडण कुऱ्हाडीपर्यंत जायच्या आधी फोन करतो. वाईट पाटील एका पार्टीचा असतो, ते ओळखायलाच सहा महिने जातात.

शहराला उणं लेखत नाही. चॅप्टर केस (शांतता राखायचा बाँड घेण्याची कारवाई) एसीपींसमोर, म्हणजे सहायक पोलीस आयुक्तांसमोर, चालते, तडीपारीचा निर्णय आयुक्तालयातच होतो. ग्रामीणला तहसीलदार आणि प्रांतांच्या तारखांवर ताटकळावं लागतं. आठ तासांच्या ड्यूटीचा प्रयोगही 2016 मध्ये मुंबईच्या देवनार ठाण्यातूनच सुरू झाला, तालुक्यातून नाही. घरी आजारी आई-वडील असतील, नवरा किंवा बायको शहरात नोकरीला असेल, तर खुशाल शहर मागा. महिला अधिकाऱ्यांनी तर ठाण्यात धड स्वच्छतागृह आहे का, हे विचारूनच ठरवावं. विचारायला लाजू नये.

ग्रामीण म्हणजे साधं सरळ, या भ्रमात मात्र राहू नका. वाळूच्या गाड्या रात्री कोणाच्या जिवावर चालतात ते पहिल्या महिन्यात कळतं, आणि गाडी अडवल्यावर फोन साहेबांच्या आधी तुमच्या घरमालकाचा येतो. शहरात पुढारी तुम्हाला ओळखत नाही, हे केवढं सुख आहे ते तेव्हा उमगतं.

नक्षलवादामुळे वेगळं ठरलेलं गडचिरोली या हिशेबात धरू नका. मूळ वेतनाच्या दीडपट पगार ऐकून काहींचे डोळे चमकतात. ती वेगळीच नोकरी आहे, तिच्यासाठी मन वेगळं तयार करावं लागतं.

कधी कधी प्रश्न शासनच सोडवतं. 2018 मध्ये पिंपरी-चिंचवड आयुक्तालय झालं आणि चाकण, तळेगावची ठाणी पुणे ग्रामीणमधून उचलून तिकडे गेली; ग्रामीण ठाणी जागच्या जागी शहराची झाली.

वडिलांचा शेवटचा प्रश्न ठरलेला असतो, ‘तालुक्याला राहणाऱ्याला पोरगी कोण देणार?’ ते माझ्या हद्दीत येत नाही. मी एवढंच सांगतो की सरकारी क्वार्टर मिळत असेल तर आधी आत जाऊन छत बघून या, शक्यतो जुलैत.